सिगारेटच्या धुरातलं एनएनएन मोजतो म्हणजे नक्की काय मोजतो?

काचनळी
मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी तक्ता डकवला होता, अमुक तंबाखूत नायट्रोसामाइन्स (रसायनांचा एक गट, त्यातली काही कर्करोग घडवणारी) तमुकपेक्षा इतके पट जास्त. खाली नेहमीसारखी जुंपली. आकडे खरे की बनावट यावर दोनशे प्रतिसाद पडले, पण हे आकडे ओल्या वजनावरचे की कोरड्या, आणि धूर कुठल्या पद्धतीने ओढलेला, हे एकानेही विचारलं नाही. बरीच वर्षं याच कामात गेली असल्याने राहवेना, म्हणून वेगळा धागा काढते.

आधी पात्रपरिचय. तंबाखूत जे खास नायट्रोसामाइन्स सापडतात (टीएसएनए म्हणतात त्यांना), त्यातले चार नेहमी मोजले जातात: एनएनएन, एनएनके, एनएटी आणि एनएबी. यातले पहिले दोन खरे खलनायक. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, या दोघांना गट १ मध्ये टाकलंय, माणसात कर्करोग घडवणारे म्हणून. २००७ साली आलेल्या त्यांच्या ८९ व्या खंडात ते आहे.

गंमत अशी की हिरव्या पानात हे जवळजवळ नसतात. पान तोडल्यावर, सुकवताना आणि मुरवताना तयार होतात. पानातल्या नायट्रेटचं जिवाणू नायट्राइट करतात, आणि ते नायट्राइट निकोटिन, नॉरनिकोटिन वगैरे अल्कलॉइडांना जाऊन चिकटतं. नॉरनिकोटिनपासून एनएनएन, निकोटिनपासून मुख्यतः एनएनके. हवेवर सुकवलेल्या बर्ली तंबाखूत जिवाणूंना भरपूर वेळ मिळतो, शिवाय तिच्यात नायट्रेटही जास्त, म्हणून तिथे आकडा चढा. भट्टीत सुकवलेल्या तंबाखूची कथा निराळी. गॅसच्या ज्योतीचा धूर थेट पानांवर सोडला की त्यातले नायट्रोजन ऑक्साइड तेच काम करतात. २००० च्या आसपास अमेरिकेत भट्ट्यांना उष्णता-विनिमयक बसवले, ज्योतीचा धूर बाहेर आणि आत नुसती गरम हवा, तेव्हा त्या तंबाखूतलं टीएसएनए धाडकन खाली आलं.

आता मोजणी. तंबाखू दळायची, वजन करायचं, अमोनियम अॅसिटेटच्या पाण्यात टाकून हलवायची, गाळायची आणि द्रव एलसी-मास स्पेकमध्ये (घटक वेगळे करून रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) सोडायचा. एनएनएनचा रेणू प्रोटॉन घेऊन १७८ वजनावर येतो, यंत्र त्याला फोडतं, ३० वजनाचा एनओ (नायट्रिक ऑक्साइड) निसटतो, उरतो १४८. यंत्राला सांगितलेलं असतं की १७८ चा १४८ होणाराच मोज, बाकी सगळ्यांकडे काणाडोळा कर. एनएटी (१९० वरून १६०) आणि एनएबी (१९२ वरून १६२) हेही तेच ३० गमावतात. एनएनके भलतीकडूनच तुटतं, २०८ चे १२२.

धुराचं काम त्याहून कटकटीचं, ते खाली प्रतिसादात लिहीन. आत्ता एवढंच की आकडा "प्रति सिगारेट इतके नॅनोग्रॅम" असा येतो, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

विचारा काय विचारायचं ते.

शाईचा_डाग
वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

रोखठोक
लेख चांगला, पण मूळ मुद्दा सोडून. सिगारेट वाईट हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नॅनोग्रॅमचा कीस काढून काय साधतं? उद्या कुणी "कमी नायट्रोसामाइनची सिगारेट" विकायला काढली की तुमचाच आकडा पाकिटावर छापेल.

काचनळी
@रोखठोक, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मोजणी कशी होते ते लोकांना कळावं असं वाटतं. धुरात सात हजारांहून जास्त रसायनं, त्यात कर्करोगकारक सत्तरच्या आसपास. एक खाली आणलं म्हणजे बाकीची गुण्यागोविंदाने खाली येत नाहीत. नायट्रेट जास्त असलेली तंबाखू जाळली तर बेन्झोपायरीन (धुरातलं आणखी एक कर्करोगकारक) कमी निघतं आणि टीएसएनए वाढतं. एका हाताने झाकलं की दुसरीकडे उघडं पडतं.

पण आकडाच नको म्हणालात तर भट्ट्या बदलल्याचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवणार?

गोळीबंद
मी औषधनिर्मितीतला. २०१८ मध्ये वालसार्टनच्या (रक्तदाबाच्या) गोळ्यांत एनडीएमए (हाही एक नायट्रोसामाइनच) सापडलं तेव्हापासून आमच्याकडे नायट्रोसामाइन हा शब्द ऐकला तरी घाम फुटतो. भाऊ, दोन शंका. एक, धुरात एनडीएमए पण असतं ना? ते तुमच्या चौकडीत का नाही? दोन, इंटर्नल स्टँडर्ड (नमुन्यात ठरावीक मात्रेत घालायचं तुलनेचं रसायन) काय वापरता?

काचनळी
भाऊ नाही, ताई :)

एनडीएमए असतं, आणि झुरक्यातून तोंडात जाणाऱ्या धुरापेक्षा जळत्या टोकावरून हवेत जाणाऱ्या धुरात कितीतरी जास्त. पण ते उडून जाणाऱ्यांपैकी. टीएसएनए जड, धुराच्या कणांवर बसून येतात, त्यामुळे केंब्रिज पॅडवर (काचतंतूंची गोल चकती, धूर तिच्यातून खेचतात) अलगद अडकतात. एनडीएमए पॅडमधून आरपार जातं, त्याला पुढे द्रावणाचा सापळा लावावा लागतो. म्हणजे कामाची वाटच वेगळी.

इंटर्नल स्टँडर्ड ड्युटेरियमवाले (ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन), एनएनएन-डी४ आणि एनएनके-डी४. पिरिडिनच्या कड्यावरचे चार हायड्रोजन बदललेले. डी४ चा माग १८२ वरून १५२.

गोळीबंद
ताई, माफी. मग तर तुमचं निम्मं काम सोपं. डी४ टाकलं की गाळताना सांडो, मास स्पेकमध्ये संकेत दबो, दोघांचंही सारखंच नुकसान, गुणोत्तर शाबूत.

काचनळी
इथेच मी एकदा तोंडावर आपटले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तोंडात ठेवायच्या ओलसर तंबाखूचे नमुने आले होते. शुक्रवारी दळून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले, त्यातले काही उणे २० च्या फ्रीझरमध्ये गेले आणि काही कुणाच्या तरी विसरभोळेपणाने (माझ्याच, कशाला लपवू) टेबलावर राहिले. सोमवारी सगळे एकत्र चालवले. रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती परत मिळालं ते) सुरेख, कॅलिब्रेशनची रेघ सुतासारखी सरळ, ब्लँक (तंबाखू न घातलेला नमुना) स्वच्छ, संदर्भ नमुना आपल्या मर्यादेत. एकाही निकषाने हरकत घेतली नाही. अहवाल सहीला निघाला तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, की एकाच डब्यातल्या दोन पिशव्यांमध्ये एवढी तफावत कशी? टेबलावरच्या पिशवीत एनएनएन आणि एनएटी दोन्ही चढलेले होते. नायट्राइट मोजलं, तेही चढलेलं. ओलावा, उबारा आणि जिवाणू, जे गोदामात महिनोन्महिने चालतं त्याचाच एक तुकडा शनिवार-रविवारी आमच्या टेबलावर पार पडला होता.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. एनएनएन खरोखरच तेवढं होतं, फक्त ते तंबाखूवाल्याने नाही, मी बनवलं होतं. डी४ तर मी सोमवारी टाकलं, आदल्या दोन दिवसांची त्याला काय खबर? डी४ टाकल्यानंतर जे हरवतं त्याची भरपाई तो करतो. जे नव्याने तयार होतं, किंवा जे मुळात पाण्यात उतरतच नाही, त्यातलं त्याला काही दिसत नाही.

जुनाजाणता
ताईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. मी निवृत्त, पण आमच्या काळी मास स्पेक नव्हतं, जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) आणि त्याला जोडलेला टीईए होता. थर्मल एनर्जी अॅनालायझर, १९७० च्या दशकातलं यंत्र. तापवून नायट्रोसो बंध तोडायचा, सुटलेल्या एनओची ओझोनशी गाठ घालून द्यायची, त्यातून जो अंधूक प्रकाश निघतो तो मोजायचा. निवडक इतका की इतर रसायनं समोरून मिरवणुकीने गेली तरी ढुंकून पाहायचा नाही. फक्त त्याला ड्युटेरियम कळायचा नाही, त्यामुळे इंटर्नल स्टँडर्ड म्हणून दुसराच कुठलातरी नायट्रोसामाइन घालावा लागे.

आमची सगळी धास्ती कृत्रिम वाढीची. पॅडवर निकोटिन बसलंय, वरून धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वाहतायत, म्हणजे पॅडवरच बेकायदा कारखाना. म्हणून अर्क काढायच्या द्रावणात अॅस्कॉर्बिक आम्ल घालायचो, ते नायट्राइटला आधीच खाऊन टाकतं. आणि एक जुनी युक्ती: तंबाखूत कधीच नसणारं एखादं अमाइन (ज्यापासून नायट्रोसामाइन बनतं असं रसायन) मुद्दाम पॅडवर टाकायचं. शेवटी त्याचं नायट्रोसामाइन सापडलं तर समजायचं, चोर घरातलाच.

१९७४ मध्ये हॉफमन, हेक्ट आणि सहकाऱ्यांनी न जळलेल्या तंबाखूत एनएनएन दाखवलं, तेव्हाही ते पानातलं की प्रक्रियेत घडलेलं हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. पन्नास वर्षांत यंत्रं बदलली, चोर तोच आहे.

गोळीबंद
अमाइनची युक्ती आवडली. उद्याच आमच्याकडे मांडतो.

शाईचा_डाग
धुराचं राहिलं की. सिगारेट ओढतं कोण? प्रयोगशाळेत पगारी फुंके ठेवले आहेत का?

काचनळी
हा हा. मशीन ओढतं. आधी सिगारेटी किमान ४८ तास २२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या. मग मशीनमध्ये लावून पेटवायच्या आणि पिचकारीसारख्या पंपाने झुरके घ्यायचे. झुरका कसा घ्यायचा याचे मुख्यतः दोन नियम आहेत, आणि त्या तक्त्यावरच्या भांडणाचं मूळ त्यातच आहे.

आयएसओचा जुना नियम: ३५ मिलिलिटरचा झुरका, दोन सेकंद, मिनिटाला एक, फिल्टरवरची बारीक भोकं उघडी. कॅनडाचा कडक नियम: ५५ मिलिलिटर, दोन सेकंद, दर तीस सेकंदांनी, आणि भोकं पट्टीने पूर्ण बंद. नुसता हिशेब करा, मिनिटाला ३५ विरुद्ध ११०. भोकांतून येणारी हवा बंद झाली तो भाग आणखी वेगळा. केंटकी विद्यापीठाची एक संदर्भ सिगारेट आहे, ३आर४एफ, जगभरच्या प्रयोगशाळा आपापली यंत्रं तिच्यावर पडताळत आल्या आहेत. तिच्या धुरात जुन्या नियमाने एनएनएन आणि एनएनके प्रत्येकी शंभर नॅनोग्रॅमच्या आसपास येतात, आणि कडक नियमाने दुपटीहून जास्त. सिगारेट तीच, तंबाखू तीच.

"लाइट" सिगारेटचं सगळं गूढ त्या भोकांत होतं. मशीन भोकं उघडी ठेवून ओढतं, झुरक्यात निम्मी हवा आली की आकडा छान दिसतो. माणसाची बोटं नेमकी भोकांवर पडतात, आणि निकोटिन कमी पडलं की तो आणखी जोरात ओढतो.

रोखठोक
म्हणजे मी म्हटलं तेच. दोन्ही नियम खोटे, माणूस ना असा ओढतो ना तसा.

काचनळी
माणूस कसा ओढतो हे सांगायचा दोन्ही नियमांचा दावाच नाही. दोन सिगारेटी एकाच मापाने तोलायला ते आहेत. कपडा मोजायची पट्टी माणसाच्या अंगाची नसते. चूक होते ती एका पट्टीचा आकडा दुसऱ्या पट्टीच्या आकड्याशेजारी छापला की.

माणूस निकोटिनसाठी ओढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये सुचवलं की प्रति सिगारेट न सांगता प्रति मिलिग्रॅम निकोटिन सांगा. झुरका मोठा झाला की दोन्ही वाढतात, गुणोत्तर त्या मानाने स्थिर राहतं. मला हे पटतं, पण प्रति सिगारेटची सवय काही सुटत नाही. संघटनेच्या प्रयोगशाळा-जाळ्याची धुरातल्या टीएसएनएसाठी लिखित पद्धत आहे, एसओपी ०३, तिच्यात दोन्ही नियमांनी ओढायला सांगितलंय.

मोगरी
मी सिगारेट ओढत नाही, घरात ओढतात. माझ्या शरीरात यातलं काही जातं का, हे मोजता येतं का? प्रश्न बाळबोध असेल तर क्षमस्व.

काचनळी
@मोगरी, अजिबात बाळबोध नाही. येतं. एनएनके शरीरात गेलं की त्याचं एनएनएएल होतं आणि लघवीतून बाहेर पडतं. एनएनके फक्त तंबाखूतूनच येतं, त्यामुळे एनएनएएल सापडलं म्हणजे तंबाखूशी संबंध आलाच, दुसरी पळवाट नाही. १९९३ मध्ये हेक्ट यांच्या गटाने दाखवलं की न ओढणारी माणसं नुसती त्या धुरात बसली तरी त्यांच्या लघवीत एनएनकेचे अवशेष येतात.

मोजणी आणखी नाजूक, इथे पिकोग्रॅममध्ये काम, म्हणजे नॅनोचाही हजारावा भाग. बराचसा एनएनएएल ग्लुकुरोनिक आम्लाला बांधलेला असतो, आधी विकराने तो सोडवून घ्यावा लागतो, मगच एकूण आकडा मिळतो. कोटिनिन (निकोटिनचा अवशेष) एका दिवसात निम्मं होतं, एनएनएएलला निम्मं व्हायला दहा ते अठरा दिवस लागतात. म्हणजे मागच्या आठवड्यात पाहुणा ओढून गेला असेल तर कोटिनिन साफ, एनएनएएल मात्र साक्ष देत बसलेलं. मुलांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं.

मोगरी
"मी गच्चीत ओढतो, घरात येत नाही" यावर तुमचं काय म्हणणं? :(

जुनाजाणता
ताईंच्या आधी मीच सांगतो. २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निकोटिन भिंती, पडदे, कपडे यांवर चिकटून राहतं. घरातल्या हवेत नायट्रस आम्ल थोडंफार असतंच, गॅसच्या शेगडीतूनही येतं. दोघांची गाठ पडली की त्या पृष्ठभागावर टीएसएनए तयार होतात, एनएनकेसुद्धा. गच्चीतून आत येताना शर्ट काही गच्चीत राहत नाही. धोका किती हा वेगळा विषय, पण "येत नाही" म्हणणं बरोबर नाही.

तळटीप_प्रेमी
ओल्या-कोरड्या वजनाचं काय झालं? सुरुवातीला टाचणी टोचून पुढे विषयच नाही.

काचनळी
खरंय, राहिलंच. ओलसर तंबाखूत निम्मं पाणी असू शकतं. "जशी आहे तशी" मोजून ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम आला, तर तोच नमुना कोरड्या वजनावर २ होतो. काहीही न करता दुप्पट! अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०१७ मध्ये धूरविरहित तंबाखूतल्या एनएनएनसाठी ग्रॅमला १ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेचा प्रस्ताव मांडला, तो कोरड्या वजनावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाची शिफारस ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमची, पण एनएनएन आणि एनएनके मिळून, तीही कोरड्यावर. एकात एकच रसायन, दुसऱ्यात दोघांची बेरीज. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून "कोण कडक" असा वाद घालणारे मी पाहिलेत.

शिवाय कोरडं वजन काढायला नमुना ओव्हनमध्ये ठेवतात, तिथे पाण्याबरोबर उडणारं बाकीचंही जातं आणि सगळं पाण्याच्या नावावर जमा होतं.

दुसरं टोक म्हणजे सुदानची तूंबाक (तोंडात ठेवायची तंबाखू). तिच्यात एका ग्रॅममध्ये एनएनएन मिलिग्रॅमच्या घरात गेल्याची नोंद आहे, वरच्या मर्यादांच्या हजारपट वगैरे. असा नमुना यंत्रात गेला की पुढचे दोन-तीन ब्लँकही एनएनएन दाखवतात, कारण सुईत, नळीत थोडं मागे राहतं. आधी भरपूर पातळ करायचं, आणि नंतर ब्लँक खरोखर शून्यावर येईपर्यंत दुसऱ्याचा नमुना लावायचा नाही.

गोळीबंद
ताई, वर तुम्ही ओझरतं म्हणालात, "जे मुळात पाण्यात उतरतच नाही". ते काय?

काचनळी
बरं झालं पकडलंत. एनएनकेचा काही भाग तंबाखूच्या तंतूंमध्ये, लिग्निनमध्ये, रासायनिकरीत्या विणला गेलेला असतो. अमोनियम अॅसिटेटमध्ये कितीही हलवा, तो बाहेर येत नाही. पण सिगारेट पेटली की उष्णतेने सुटतो आणि धुरात येतो. पूर्वी तंबाखूतलं एनएनके आणि धुरातलं एनएनके यांचा हिशेब जुळेना, तेव्हा धुरातलं जादा सगळं जळतानाच नव्याने तयार होतं असं मानत. त्यातला बराच वाटा या विणलेल्या एनएनकेचा असू शकतो. तो मोजायचा तर अल्कलीत तापवून उकलावा लागतो. नेहमीच्या अहवालात "तंबाखूतलं एनएनके" म्हणजे फक्त पाण्यात उतरलेलं, पण तसं कुणी लिहीत नाही.

रोखठोक
हे मात्र नवीन होतं. तो तक्ता पुन्हा काढून पाहिला. खाली बारीक अक्षरात काहीच नाही, ना वजन, ना ओढायचा नियम. माझ्या त्या धाग्यावरच्या चाळीस प्रतिसादांचं आता काय करू?

शाईचा_डाग
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

गोळीबंद
=))

ताई, शेवटची शंका. कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) आम्हाला कधीकधी एका नायट्रोसामाइनची आलेखात दोन शिखरं दिसतात. अशुद्धी समजून दोन दिवस शोधत बसलो.

काचनळी
अशुद्धी नसावी. नायट्रोजन-नायट्रोजन बंध अर्धवट दुहेरी असतो, सहज फिरत नाही, त्यामुळे रेणूची दोन रूपं वेगवेगळी चालत येतात. एनएनकेमध्ये आम्हालाही दिसतं. कॉलम जरा गरम ठेवून बघा, रूपं भराभर बदलायला लागली की शिखरं एकात एक मिसळतात. नाहीच मिसळली तर दोन्हींचं क्षेत्रफळ धरा. आणि कुप्या तपकिरी काचेच्याच ठेवा, उजेडात नायट्रोसामाइन तुटतात. नाहीतर चार तासांनी दोन शिखरांची दीड होतील आणि पुन्हा इथे याल.